जर्मनीच्या घोड्यांवर परदेशी गोचीड: २०१८ च्या उन्हाळ्याचं एक प्रकरण

२०१८ साली जर्मनीतल्या आठ राज्यांमधून मिळून ३५ प्रौढ हायलोमा गोचीड शास्त्रज्ञांच्या हाती लागले. बहुतेक घोड्यांच्या अंगावरून काढलेले. आकडा ऐकून आपल्याकडचा एखादा गोठेवाला हसेल. एका म्हशीच्या कासेवर, शेपटीखाली आणि कानांत मिळून कधी कधी तेवढे निघतात. पण जर्मनी हा हायलोमाचा मुलूखच नाही. तो राहतो आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठाने, तुर्कस्तानात, मध्य आशियात आणि आपल्या उपखंडात. त्याआधीच्या वर्षांत जर्मनीत एखाददुसरा प्रौढ हायलोमा सापडला तर तो एखाद्या शास्त्रीय टिपणाचा विषय होई. आणि मग एकाच हंगामात पस्तीस.

म्यूनिकमधली जर्मन लष्कराची सूक्ष्मजीवशास्त्र संस्था आणि श्टुटगार्टचं होहेनहाइम विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ते तपासले. १८ निघाले हायलोमा मार्जिनेटम, १० निघाले हायलोमा रुफिपेस. उरलेल्या सातांची जात ठरवता आली नाही. त्याच वर्षी स्वीडनमध्येही दोन्ही जातींचे प्रौढ गोचीड जनावरांवर मिळाले. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात एका घोड्यावर एक सापडला. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात सप्टेंबरमध्ये ज्या घोड्यावर रुफिपेस मिळाला, तो घोडा कधी परदेशी गेलाच नव्हता. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. घोडा कुठे गेला नाही म्हणजे गोचीड त्याच्यापर्यंत आला, आणि आला तेव्हा तो प्रौढ नव्हता. का नव्हता, ते पुढे येईलच.

वर्तमानपत्रांना विषय मिळाला. ‘महाकाय’, ‘उष्णकटिबंधातला’, ‘माणसाच्या मागे धावणारा’ अशी विशेषणं मथळ्यांत आली. ती तशी खोटी नाहीत. हायलोमा युरोपातल्या नेहमीच्या गोचिडापेक्षा मोठा असतो, रक्त पिऊन टम्म झालेली मादी दोन सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि तो खरोखरच धावतो. पण ‘हवामान बदलानं गोचीड आणले’ हे जे त्या मथळ्यांखाली लिहिलं गेलं, ते मला पटत नाही. गोचीड आणले पक्ष्यांनी, आणि ते आजचे नाहीत. उष्म्यानं बदललं ते इतकंच, की पक्ष्यावरून खाली पडल्यावर त्यांचं पुढे काय होतं. हा फरक केवळ शब्दांचा नाही. रोगाची भीती किती बाळगायची, पाळत कशावर ठेवायची आणि कधी ठेवायची, हे सगळं त्यावर ठरतं.

पक्ष्याच्या कानामागून

हायलोमा मार्जिनेटमचं आयुष्य दोन यजमानांवर चालतं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू एखाद्या लहान प्राण्यावर चढतं: ससा, साळूसारखा काटेरी पण छोटा हेजहॉग, नाहीतर जमिनीवर दाणे-किडे टिपणारा पक्षी. तिथे ते रक्त पितं, तिथेच कात टाकून आठ पायांचं होतं, पुन्हा तिथेच पितं. इतर बहुतेक गोचीड कात टाकायला खाली उतरतात. हा उतरत नाही. हे सगळं मिळून दोन ते साडेतीन आठवडे चालतं. मग पोट भरलेला अर्धवाढ गोचीड जमिनीवर पडतो, पाल्यात किंवा मातीच्या भेगेत शिरतो आणि प्रौढ होण्यासाठी शेवटची कात टाकतो. प्रौढाला मात्र मोठं जनावर लागतं. घोडा, गाय, मेंढी, हरीण, रानडुक्कर. आणि जवळून गेला तर माणूस.

एप्रिल-मे महिन्यांत आफ्रिकेतून युरोपात परतणारे कोट्यवधी पक्षी सहारा आणि भूमध्य समुद्र ओलांडतात. त्यांच्यातले काही डोळ्यांच्या कडेला, चोचीच्या मुळाशी, कानाच्या भोकाजवळ असे बारीक गोचीड घेऊन येतात. इटलीचं काप्री आणि ग्रीसचं अँटिकिथिरा ही या वाटेवरची विसाव्याची बेटं. तिथे पक्षी जाळ्यात धरून तपासणाऱ्या स्वीडिश संशोधकांना या गोचिडांमध्ये हायलोमाच प्रामुख्यानं सापडले. पक्ष्यावरचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, आणि तेवढ्या वेळात पक्षी मोरोक्कोहून बाल्टिक समुद्रापर्यंत पोचू शकतो. म्हणजे जर्मनीच्या कुरणांवर दर वसंतात असे गोचीड पडतच असणार. शंभर वर्षांपूर्वीही पडत असतील. पक्ष्यांची वाट काही नवी नाही.

मग आजवर ते दिसले का नाहीत? कारण शेवटची कात. पोट भरलेल्या अर्धवाढ गोचिडाला प्रौढ व्हायला ऊब लागते, आणि ती ऊब एका दिवसाची नव्हे, दिवसांमागून दिवस साठत गेलेली लागते. थंड मातीत ही क्रिया रेंगाळते. मध्य युरोपाच्या नेहमीच्या उन्हाळ्यात मे महिन्यात पडलेल्या गोचिडाची कात पुरी होण्याआधीच दिवस लहान होऊ लागतात, पाऊस येतो, बुरशी लागते, मुंग्या खातात. तो मरतो आणि कुणाला कळतही नाही.

२०१८ मध्ये ही साखळी तुटली. तो जर्मनीतला १८८१ पासूनच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत उष्ण वर्षाचा मान मिळवणारा काळ होता. एप्रिल महिनाच विक्रमी उबदार गेला आणि मग मे, जून, जुलै, ऑगस्ट असे एकापाठोपाठ एक महिने तापत राहिले. पाऊस फार कमी. ऱ्हाईन नदीचं पाणी इतकं उतरलं की मालवाहू बोटी अर्ध्या रिकाम्या चालवाव्या लागल्या. पक्षी आले त्या दिवसापासून जमीन उबदार, आणि गोचिडाला नेमकं तेच हवं होतं. जुलैनंतर घोडेवाल्यांना पट्टेरी पायांचे मोठे गोचीड दिसू लागले.

हे पट्टे ओळखीची खूण म्हणून खरंच उपयोगी पडले. हायलोमाच्या लांब पायांवर फिक्या आणि तांबूस-तपकिरी रंगाचे आडवे पट्टे असतात. युरोपातल्या नेहमीच्या गोचिडाचे पाय एकरंगी काळपट. साध्या घोडेमालकालाही फोटो पाहून फरक कळतो, आणि म्हणूनच पुढे लोकांच्या मदतीनं पाळत ठेवणं जमलं.

वाढलेली ऊब सगळ्याच गोचिडांना मानवते असं नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘तापमान वाढलं की गोचीड वाढतात’ हे वाक्य इतक्या सहज लिहिलं जातं की ते नियमच वाटू लागतं.

युरोपातला नेहमीचा गोचीड म्हणजे इक्सोडिस रिसिनस. लाइम रोग आणि मेंदूज्वराचा एक प्रकार तोच पसरवतो. त्याला ओल लागते. गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून तो यजमानाची वाट पाहत बसतो. अंगातलं पाणी कमी झालं की खाली पाल्यात उतरतो, ओल शोषतो आणि पुन्हा चढतो. हवा कोरडी असली तर ही खाली-वर त्याला परवडत नाही. कडक, कोरड्या उन्हाळ्यात तो गप्प होतो. हिवाळा सौम्य झाला तर मात्र त्याचं फावतं. तो डोंगरात अधिक उंचीवर आणि उत्तरेला अधिक वर जातो. स्कँडिनेव्हियात तसं झालंही आहे.

हायलोमाचं उलट. त्याला कोरडं माळरान, झुडपी टेकड्या, उघडी तापलेली जमीन चालते. तो पात्यावर बसून राहत नाही. जमिनीत दबा धरतो. जनावराच्या पावलांची थरथर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हलती सावली यांनी जागा होतो आणि धावत सुटतो, कधी कधी बऱ्याच मीटरपर्यंत. २०१८ सारख्या उन्हाळ्यात एकाच कुरणावर नेहमीचा गोचीड मरगळतो आणि पाहुणा तग धरतो. म्हणजे हवामान बदलामुळे गोचिडांची एकूण संख्या वाढते की घटते, हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. कुठे कोणता गोचीड टिकेल, हे विचारायला हवं. ऊब आणि ओल यांचं गणित प्रत्येकाचं वेगळं, आणि तो पसरवणारा रोगही वेगळा.

हायलोमाच्या बाबतीत सारागोसा विद्यापीठाच्या अगुस्तिन एस्त्रादा-पेन्या यांच्या अभ्यासांनी शरद ऋतूतल्या उबेवर बोट ठेवलं आहे. अर्धवाढ गोचीड हिवाळ्याआधी कात टाकू शकला, तर प्रौढ होऊन तो जमिनीत थंडी काढू शकतो. नाही टाकू शकला तर खेळ संपला. म्हणजे निव्वळ सरासरी तापमान पाहून उपयोग नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर किती उबदार गेले हे पाहावं लागतं. सरासरी एक-दोन अंशांनी वर सरकली की हे उबदार शरद अधूनमधून न येता वारंवार येऊ लागतात. हवामान बदलाचा हात आहे तो इथे.

पस्तीस गोचीड म्हणजे वस्ती नव्हे

आता मथळ्यांना न आवडणारा भाग. सापडणं म्हणजे ठाण मांडणं नाही.

प्रौढ गोचिडाला रक्त मिळालं म्हणून वंश चालत नाही. नर आणि मादी यांची भेट जनावराच्या अंगावरच होते. आठ राज्यांत विखुरलेले पस्तीस गोचीड म्हणजे हजारो कुरणांमागे एक. नर एका तबेल्यात, मादी दोनशे किलोमीटर दूर दुसऱ्या तबेल्यात, आणि दोघांना जोडणारं काही नाही. समजा एकाच घोड्यावर दोघे भेटले, मादी भरली, खाली पडली आणि तिने आपली काही हजार अंडी घातली. त्यांतून निघालेल्या पिल्लांना मग थंडीच्या आत ससा किंवा पक्षी मिळायला हवा, पुन्हा कात, पुन्हा ऊब. यातल्या प्रत्येक टप्प्यावर गळती आहे.

आणि एक बारीक पण बोलका पुरावा वेळापत्रकात आहे. ज्या प्रदेशात हायलोमा मार्जिनेटमची कायमची वस्ती आहे, त्या दक्षिण फ्रान्स किंवा स्पेनमध्ये प्रौढ गोचीड जनावरांवर दिसतात ते मुख्यतः वसंतात, एप्रिल ते जूनच्या आसपास. थंडी जमिनीत काढलेले भुकेले प्रौढ ऊन पडताच बाहेर येतात. लहान अवस्था उन्हाळ्यात, आणि कात शरदात. जर्मनीत २०१८ चे प्रौढ दिसले ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात. म्हणजे ते त्याच वसंतात पक्ष्यांवरून पडलेले आणि त्याच उन्हाळ्यात वाढलेले. तिथे जन्मलेले नव्हेत. डॉर्सेटचा घोडाही याच हिशेबात बसतो.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जर्मनीत काही प्रौढ सापडले. इतक्या लवकर सापडलेला प्रौढ त्याच वसंतातल्या पक्ष्याबरोबर येऊन वाढलेला असू शकत नाही, कारण कात पुरी व्हायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून होहेनहाइमच्या संशोधकांनी निष्कर्ष काढला की यांनी जर्मनीतली थंडी काढली. ही बातमी माझ्या मते ३५ च्या आकड्याहून मोठी होती, पण तिचाही अर्थ मर्यादितच आहे. थंडी काढली ती आदल्या वर्षी पक्ष्यांवरून आलेल्यांनी. पुढची पिढी तिथल्या मातीत जन्मली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

विषाणू कुठे होता

या सगळ्याला एवढं महत्त्व का, तर हायलोमा हा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा मुख्य वाहक. नाव एवढं लांब असण्याचं कारण असं, की १९४४ मध्ये क्रायमियात सोव्हिएत सैनिकांत दिसलेला रोग आणि १९५६ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोत एका मुलाच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणू एकच आहेत, हे १९६९ मध्ये लक्षात आलं. आपण काँगो तापच म्हणू. एकदम चढलेला ताप, अंग मोडून येणं, उलट्या, मग काहींमध्ये कातडीखाली आणि आतून रक्तस्राव. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते उद्रेकांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जातं. सर्वमान्य लस नाही. रिबाव्हिरिन हे औषध दिलं जातं, पण त्याचा उपयोग किती होतो यावर डॉक्टरांत एकमत नाही. गाय, मेंढी, बकरी यांना हा विषाणू होतो, रक्तात काही दिवस राहतो, आणि जनावर जराही आजारी दिसत नाही. खाटीक, मेंढपाळ आणि पशुवैद्य यांना धोका आहे तो यामुळेच.

जर्मनीत २०१८ मध्ये तपासलेल्या गोचिडांत हा विषाणू मिळाला नाही. बऱ्याच गोचिडांत रिकेट्सिया एस्खलिमानी हा जीवाणू मिळाला. तो चट्टे आणि ताप आणतो. काँगो तापापुढे हा रोग सौम्यच.

विषाणू न मिळण्यामागे एक कारण पक्ष्यांतच आहे. बहुतेक पक्ष्यांच्या रक्तात काँगो तापाचा विषाणू वाढतच नाही. शहामृग अपवाद. म्हणजे पक्षी गोचिडाला वाहून नेतो, पण त्याच्यावर बसलेल्या निरोगी गोचिडाला विषाणू देत नाही. विषाणू येतो तो आधीच बाधित असलेल्या गोचिडातून, मादीकडून अंड्यांत उतरलेल्या संसर्गातून. त्यामुळे पक्ष्यांबरोबर येणाऱ्यांपैकी फार थोडे बाधित असतात. पण ‘फार थोडे’ म्हणजे शून्य नाही. मोरोक्कोत स्थलांतरी पक्ष्यांवरच्या गोचिडांत विषाणू सापडला आहे, आणि स्पेनमध्ये पुढे सापडलेला विषाणू आफ्रिकी वंशाचाच निघाला.

स्पेनची गोष्ट जर्मनीच्या प्रकरणाला आरशासारखी आहे, म्हणून ती थोडी सविस्तर. तिथे हायलोमाची वस्ती जुनी. २०१० मध्ये पश्चिमेकडच्या कासेरेस प्रांतात तांबड्या हरणांवरच्या गोचिडांत काँगो तापाचा विषाणू मिळाला. रुग्ण मात्र नव्हता. असं वाटलं तरी. ऑगस्ट २०१६ मध्ये आविला प्रांतातल्या रानात फिरायला गेलेल्या ६२ वर्षांच्या एका माणसानं अंगावरून गोचीड काढला. काही दिवसांत माद्रिदच्या रुग्णालयात २५ ऑगस्टला त्याचा मृत्यू झाला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला संसर्ग झाला. ती बरी झाली. निदान झालं ते ती आजारी पडल्यावर. पश्चिम युरोपात देशातच लागण झालेले हे पहिले ओळखले गेलेले रुग्ण. पुढे जुने नमुने काढून तपासले तेव्हा २०१३ मधलाही एक रुग्ण निघाला, म्हणजे विषाणू तीन वर्षं कुणाच्या लक्षात न येता माणसांपर्यंत पोचत होता. त्यानंतर सालामांका, बादाहोस, लेओन या पश्चिमेकडच्या प्रांतांत तुरळक रुग्ण येत राहिले, काही दगावले.

रुग्णाकडून शुश्रूषा करणाऱ्यांना लागण होण्याचं असंच प्रकरण २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ साणंद तालुक्यातल्या कोलट गावात घडलं होतं. तिथल्या एका स्त्रीला ताप आला, तिचा मृत्यू झाला, आणि मग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं नमुने तपासून काँगो तापाचं निदान केलं. भारतातली ही पहिली सिद्ध झालेली नोंद. आपल्याकडचा हायलोमा अनातोलिकम हा काही पाहुणा नाही, तो गुजरातच्या गोठ्यांत फार आधीपासून आहे. तेव्हा कोलटचं प्रकरण हवामान बदलाच्या खात्यात टाकणं बरोबर ठरणार नाही. पण माद्रिद आणि कोलट दोन्हीकडे पहिला बळी रुग्णालयाबाहेर बाधित झालेला आणि पुढची लागण रुग्णालयात, हा क्रम एकच आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये गुजरातच्या सीमेवरच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनानं काँगो तापाबाबत सावधगिरीची सूचना काढली होती, ती याच पार्श्वभूमीवर.

शेती, शिकार, युद्ध

काँगो तापाचे मोठे उद्रेक जिथे झाले, तिथे तापमानापेक्षा माणसांच्या हालचालींनी जास्त काम केलेलं दिसतं. क्रायमियात १९४४ च्या आधी जर्मन ताब्यात असताना शेतं ओस पडली, शिकार थांबली, ससे वाढले, सशांवर गोचीड वाढले. मग सैनिक आले, शेतात कामाला लागले, गवतात झोपले.

तुर्कस्तानात २००२ मध्ये तोकात प्रांत आणि केल्कित नदीच्या खोऱ्यात रोग उफाळला, आणि पुढच्या दीड दशकात रुग्णसंख्या दहा हजारांच्या घरात गेली. जगात एवढा मोठा उद्रेक दुसरा नाही. त्याचं जे स्पष्टीकरण संशोधकांनी मांडलं ते क्रायमियाशी विलक्षण जुळतं. १९९० च्या दशकातल्या सशस्त्र संघर्षामुळे त्या डोंगराळ भागात शेती आणि शिकार बंद झाली, ससे आणि रानडुकरं वाढली, आणि शांतता आल्यावर लोक जनावरं घेऊन परतले. शेत, झुडूप आणि राई यांचे लहान लहान तुकडे जिथे एकमेकांत मिसळतात तिथे रुग्ण जास्त, हेही दिसलं. तापमान पार्श्वभूमीला होतं, पण ते एकटं हा उद्रेक घडवू शकलं नसतं.

आपल्या सिंधुदुर्गातला माकडताप आठवा. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी भागात तो आला तो वेगळ्या गोचिडामुळे, वेगळ्या विषाणूमुळे. तिथेही काजूबागा, जंगलाची कड, माकडं आणि जंगलात जाणारी माणसं यांचा संबंध पाहावा लागतो. फक्त पाऊस आणि पारा पाहून चालत नाही.

हे सांगण्याचा हेतू हवामान बदलाला सोडवण्याचा नाही. जर्मनीच्या प्रकरणात उष्णतेचा हात जितका स्पष्ट आहे तितका तो क्वचित दिसतो. पण त्या हातानं केलेलं काम एकच: कात टाकण्याच्या वेळी जी दारं बंद असायची ती उघडली. पुढचं सगळं, म्हणजे जनावरं किती, ससे किती, माणसं कुठे फिरतात, घोडे-गुरं कुठून कुठे नेली जातात, ते माणसाच्या हातात राहतं. गुरांच्या वाहतुकीतून एकाच वेळी नर-माद्यांचा मोठा गट एका कुरणात पोचू शकतो, आणि विखुरलेल्या पस्तीस गोचिडांना जे जमलं नाही ते अशा गटाला जमू शकतं. पक्ष्यांपेक्षा या वाहतुकीकडे कमी लक्ष जातं, हे मला खटकतं.

फ्रान्सनं दाखवलेली पुढची पायरी

जर्मनीचं पुढे काय होऊ शकतं ते पाहायचं तर फ्रान्सकडे पाहावं. कोर्सिका बेटावर हायलोमा मार्जिनेटम कित्येक दशकं आहे. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर मात्र त्याची वस्ती झाल्याचं २०१५ मध्ये निश्चित झालं. मोंपेलियेच्या सिराद या कृषी संशोधन संस्थेचे लोक तेव्हापासून घोडे आणि गुरं तपासत आहेत. भूमध्य किनाऱ्याच्या झुडपी टेकड्यांचे जिल्हे, पिरेने-ओरिआंताल, ओद, एरो, गार, वार, आणि रोन नदीच्या खोऱ्यानं उत्तरेला आर्देश, द्रोम. गोचीड तिथे वसंतात दिसतात, नर-मादी एकत्र, एकाच घोड्यावर डझनांनी. वस्ती म्हणतात ती याला.

२०२२ आणि २०२३ मध्ये पिरेने-ओरिआंताल जिल्ह्यातल्या गुरांवरून गोळा केलेल्या गोचिडांत काँगो तापाचा विषाणू मिळाला. हा जिल्हा स्पेनच्या सीमेला लागून आहे आणि ती वर्षं तिथे भीषण दुष्काळाची होती. तोवर त्या भागात माणसाला लागण झाल्याची नोंद नव्हती. स्पेनच्या अनुभवाप्रमाणे पाहिलं तर गोचिडात विषाणू मिळणं आणि पहिला रुग्ण ओळखला जाणं यांत काही वर्षं जाऊ शकतात, आणि त्या काळात रुग्ण नसतातच असंही नाही. त्यामुळे फ्रान्समध्ये आता भर आहे तो डॉक्टरांना आणि प्रयोगशाळांना तयार ठेवण्यावर. ताप, प्लेटलेट कमी, अंगावर गोचीड चावल्याची खूण, आणि रुग्ण त्या जिल्ह्यांतला, एवढं जुळलं तर रक्ताची नळी हाताळताना हातमोजे घाला आणि चाचणी मागवा.

जर्मनांनी काय केलं

मोठी मोहीम नाही, औषधाची फवारणी नाही. लोकांना सांगितलं, की असा पट्टेरी पायांचा मोठा गोचीड दिसला तर तो टपालानं पाठवा. घोड्यांच्या मालकांनी, पशुवैद्यांनी, बागेत खुर्ची टाकून बसणाऱ्या लोकांनी गोचीड पाठवले. त्यातून कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जनावरावर याची नोंद साठली. शास्त्रज्ञ कुरणांवर चादर ओढत फिरले असते तर हायलोमा त्यांना मिळाला नसता, कारण चादरीला चिकटतो तो पात्यावर बसणारा गोचीड; जमिनीत दबा धरून धावणारा नाही. घोडा हाच इथे खरा सापळा, आणि घोड्याला रोज हात लावणारा माणूस हाच निरीक्षक. वस्तीच नसलेल्या गोचिडावर एवढं पुरे होतं, असं मला वाटतं. विष फवारून तबेले धुण्यानं काही साधलं नसतं.

काढण्याबाबतची सूचना मात्र आपल्या गोठ्यांपर्यंतही पोचायला हवी. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल ओतायचं नाही, विडीचा चटका द्यायचा नाही, आणि बोटांत धरून फोडायचा तर मुळीच नाही. काँगो ताप गोचीड चावून होतो तसा तो उघड्या बोटांनी चिरडल्यानंही होतो, बोटाला बारीक चीर असली की पुरे. कातरणी करणाऱ्या धनगरापासून गोठा साफ करणाऱ्या बाईपर्यंत आपल्याकडे हे काम बहुतेक उघड्या हातांनीच चालतं.

जर्मनीत हायलोमानं ठाण मांडलं की नाही हे ठरवणारी खूण घोड्यांवरच्या तुरळक गोचिडांवरून मिळणार नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कधीही स्थलांतर न करणाऱ्या एखाद्या सशावर किंवा हेजहॉगवर हायलोमाची सहा पायांची पिल्लं सापडायला हवीत. ती तिथल्याच मातीत घातलेल्या अंड्यांतून निघालेली असणार, कारण ससा काही आफ्रिकेतून आलेला नसतो. म्हणून पाळत ठेवणाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घोड्यांबरोबर सशांचे आणि हेजहॉगचे कानही तपासायला हवेत.